हल्क १८१ दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा

२०१२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळ्याला गेले होते, तेव्हा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मार्व्हलच्या कॉमिकचा १८१ वा अंक घेतला. त्या वर्षीचा सगळा बोनस त्यात गेला. नोव्हेंबर १९७४ चा अंक, मूळ किंमत २५ सेंट. वुल्व्हरीन हा पंजेवाला नायक पहिल्यांदा पूर्णपणे भेटतो तो या अंकात; १८० व्या अंकाच्या शेवटी तो नुसता डोकावून गेला होता. लेखन लेन वीनचं, चित्रं हर्ब ट्रिम्पीची. माझं कॉमिक्सचं वेड मिरजेच्या रद्दीच्या दुकानात सुरू झालं, इंद्रजालच्या जुन्या अंकांतल्या वेताळापासून. तिथे अंक उलटून पालटून, पानं मोजून घ्यायचा असतो, कारण मधलं पान हमखास गायब असायचं. हल्क मात्र मी घेतला तो कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचा बंद केलेला. वर लेबल, आणि लेबलवर आकडा: ६.०.

ही पद्धत ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथे सीजीसी नावाची कंपनी आहे. २००० साली तिने कॉमिक्सना दर्जा देऊन, म्हणजे ग्रेड करून, सीलबंद करायला सुरुवात केली. ०.५ पासून १०.० पर्यंत मोजपट्टी. ६.० म्हणजे ‘फाइन’, ८.० म्हणजे ‘व्हेरी फाइन’, ९.४ म्हणजे जवळपास दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. लेबलवर आकड्याबरोबर पानांचा रंगही लिहितात, पांढरा, मळकट पांढरा, क्रीम असा. त्या सीलबंद डबीला सगळे संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. प्रत्येक स्लॅबला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, आणि कुठल्या अंकाच्या किती प्रती कुठल्या दर्जाच्या आहेत याची मोजदाद कंपनी ठेवते. तिला ‘सेन्सस’ म्हणतात. घेणारा माणूस आधी आकडा बघतो, मग सेन्सस बघतो, मग अंक.

मीही तसंच घेतलं. दहा वर्षं तो स्लॅब कपाटात उभा होता, उन्हापासून लांब, खाली सिलिका जेलच्या पुड्या. २०२२ च्या डिसेंबरात घर बदललं तेव्हा तो बाहेर काढला. नव्या घराच्या जेवणाच्या टेबलावर एकच दिवा लावलेला होता, तोही भिंतीवर, बाजूला. त्या तिरप्या उजेडात मला माझा हल्क पहिल्यांदा नीट दिसला. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वर चढत गेलेला एक लांब, मऊ बाक. नावाच्या अक्षरांजवळ अंगठ्याएवढा खळगा. कव्हरभर हलकी लाट, जणू कुणीतरी हा अंक गुंडाळून मागच्या खिशात घातला होता आणि पुन्हा सरळ केला होता. आणि यातल्या कुठल्याही ठिकाणी शाई तडकलेली नव्हती. त्या बाकावर, खळग्यावर, लाटेवर पांढरी रेघ कुठेच नाही.

हे महत्त्वाचं का, ते सांगते. कागदाला पडलेल्या घड्या दोन प्रकारच्या. एकीत शाईचा थर फुटतो आणि खालचा पांढरा कागद दिसतो. ती घडी मेली तरी जात नाही. दुसरीत कागद फक्त वाकलेला असतो. ओलावा, ऊब, दाब आणि वेळ एवढं मिळालं तर तो कागद आपल्या मूळ जागी परत येतो. यालाच प्रेसिंग म्हणतात. आमच्याकडे आई सुती साडीवर पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळी करून, तासभर ठेवून द्यायची आणि मग इस्त्री करायची. कोरड्या साडीवर इस्त्री कितीही फिरवली तरी चुण्या राहतात, हे मला सहाव्या वर्षी कळलं होतं. तत्त्व तेच. फक्त उष्णता सुती कपड्यापेक्षा बरीच कमी, आणि नंतर तासन्‌तास, कधी रात्रभर, वजनाखाली थंड होऊ द्यायचं.

प्रेसिंग ही दुरुस्ती मानायची का, यावर संग्राहकांत जुना वाद आहे. उडालेल्या रंगावर रंग लावला, फाटलेलं चिकटवलं, कडा कापून सरळ केल्या तर अंकाला जांभळं लेबल लागतं आणि भाव कोसळतो. प्रेसिंगला सीजीसी दुरुस्ती मानत नाही. त्यात बाहेरून काही घातलं जात नाही आणि मूळचं काही काढलंही जात नाही, म्हणून नेहमीचं निळं लेबल कायम राहतं. मी या प्रश्नावर दोन महिने घालवले. पन्नास वर्षांत कुणीतरी हा अंक वाचला, खिशात घातला, त्याच्या खुणा पुसायचा मला काय अधिकार, असं वाटायचं. शेवटी माझं मत असं झालं की कागद सपाट करणं म्हणजे त्याची काळजी घेणं आहे, पण ते लपवणं चूक आहे. या मताचं पुढे माझ्यावर ओझं झालं, ते येईलच.

न्यू जर्सीतला माझा एक मित्र माझ्याहून जुना संग्राहक. मूळचा ठाण्याचा. त्याला विचारलं तर म्हणाला, “अगं, सहा आहे ना? मग सहा राहू दे. फोडलास की तो नुसता सुटा अंक. पुन्हा सहा मिळेल याची हमी कुणी देतंय का?” बरोबर होतं त्याचं. स्लॅब फोडला की तो आकडा संपला. पुन्हा पाठवल्यावर नवे डोळे, नवा दिवस. पहिल्या वेळी सुटलेलं काहीतरी दुसऱ्या वेळी दिसू शकतं. कुठे ठिपक्याएवढा रंग लावलेला सापडला तर निळ्याचं जांभळं होईल.

पण तो तिरपा उजेड डोक्यातून जात नव्हता. मी प्रेसिंग करणारा माणूस शोधला. पेनसिल्व्हेनियात, आमच्यापासून दोन तासांवर. घराच्या तळघरात काम करतो, वय सत्तरीच्या पुढे, आधी छपाईत होता. पोस्टाने पाठवण्यापेक्षा मी गाडी काढली आणि तीन स्लॅब घेऊन गेले: हल्क १८१ (६.०), १९७५ चा ‘जायंट-साइझ एक्स-मेन’चा पहिला अंक (८.०) आणि फेब्रुवारी १९७४ चा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १२९ (७.५), ज्यात पनिशर हे पात्र पहिल्यांदा येतं.

त्याने खोलीतला दिवा बंद केला. हातात छोटी टॉर्च घेऊन ती प्लास्टिकला जवळजवळ चिकटवून धरली आणि स्लॅब इंचाइंचाने फिरवला. स्पायडर-मॅनवर तो अर्धं मिनिटही थांबला नाही. कण्याजवळ, म्हणजे अंक जिथे दुमडतो त्या कडेजवळ, सात-आठ बारीक आडव्या रेघा होत्या, सगळ्या पांढऱ्या. “हा परत घेऊन जा,” तो म्हणाला. “याला जे झालंय ते माझ्या हातात नाही. मी पैसे घेईन, तुम्ही फी भराल, आणि परत साडेसातच मिळेल.” मला तो माणूस तिथेच पटला. आपलं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्याच्या हातात मी माझा हल्क द्यायला तयार होते.

एक्स-मेनवर त्याने डोकं हलवलं. तो अंक जाडजूड, ६८ पानांचा, चौकोनी कण्याचा. साध्या अंकात मधोमध दोन पिना असतात आणि कव्हर त्यांच्यावर घडी घालून बसतं, तो सपाट दाबता येतो. चौकोनी कण्याला डिंक असतो, उंची असते. कण्याची बाजू आणि उघडणारी बाजू यांच्या जाडीत फरक पडतो, म्हणून दाब सारखा बसत नाही. ओलावा जास्त झाला तर कव्हर आकसतं आणि आतली पानं कडेने डोकावायला लागतात. “कव्हरवरचे दोन खळगे निघतील. त्यासाठी एवढं करायचं का, तुम्ही ठरवा.”

हल्कवर मात्र तो दहा मिनिटं होता. शेवटी टॉर्च विझवून म्हणाला, “हा कधी प्रेस झालेला नाही. माझ्या हिशेबाने साडेसहा, कदाचित सात. पण कव्हरची आतली बाजू आणि आतली पानं मला इथून दिसत नाहीत. फोडायचं मी करू की तुम्ही?”

मी म्हणाले, मी करते. दहा वर्षं माझ्याजवळ असलेला अंक माझ्या हातांनीच बाहेर यावा असं मनापासून वाटत होतं. त्याने कसं करायचं ते एका रिकाम्या स्लॅबवर दाखवलं आणि मी तिन्ही घेऊन घरी आले.

शनिवारी सकाळी टेबल रिकामं केलं, पांढरी चादर अंथरली, हात धुऊन कोरडे केले. आधी स्लॅबचे पुढून-मागून फोटो घेतले, लेबलचा वेगळा. डोळ्यांवर चष्मा, कारण प्लास्टिकच्या कपच्या उडतात. चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर वरच्या कोपऱ्याच्या फटीत घालून हळूच पिळायचा. पहिला आवाज एवढा मोठा झाला की मुलगी वरून धावत आली. “आई, तोडलंस?” मग ती शेजारी बसून राहिली. एक कोपरा, दुसरा कोपरा, मग कड उकलत गेली. बाहेरची डबी निघाली की आत अजून एक पातळ पारदर्शक पाकीट असतं, चारी बाजूंनी बंद. खरी जोखीम तिथे आहे. अंकापासून लांबच्या कडेवर कात्रीने कापायचं, पाकिटाचा वरचा पदर उचलायचा आणि अंक ओढायचा नाही; पाकीट तिरपं करून त्याला हळूहळू सरकू द्यायचं, हाताखाली कडक पुठ्ठा धरून.

हल्क सरकत पुठ्ठ्यावर आला. खोलीत जुन्या वर्तमानपत्री कागदाचा वास पसरला. त्या वासाने मी मिरजेत गेले, त्या दुकानात, जिथे मालक तराजूच्या बाजूला मला बसू द्यायचे.

मी पहिल्यांदा तो अंक उघडला. आधी वाचकांच्या पत्रांचं पान शोधलं. १९७४ मध्ये मार्व्हलने अंकांत कापून चिकटवायची तिकिटं छापायला सुरुवात केली होती, ‘मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प’. शंभर तिकिटांची पहिली मालिका. हल्क १८१ मध्ये ५४ क्रमांकाचं, शॅना या मार्व्हलच्या नायिकेचं तिकीट आहे. मुलांनी सांगितल्याप्रमाणे ती कापली, वहीत चिकटवली, आणि आज जगभरचे संग्राहक त्या चौकोनी भोकामुळे हळहळतात. तिकीट नसेल तर अंक अपुरा, मग वरून तो कितीही सुंदर असो. आधीच्या लेबलवर तसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे तिकीट असणार हे मला ठाऊक होतं. तरी ते पान उलटताना श्वास अडकला. शॅना जागेवर होती.

मग मी तो वाचला. मुलीला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये मध्ये मराठीत सांगत. कॅनडातलं रान, वेंडिगो नावाचा राक्षस, हल्क, आणि त्या दोघांच्या मध्ये उडी घेणारा हा बुटका, पिवळ्या-निळ्या वेशातला माणूस. आज जो मुखवटा आणि जे पंजे जगात कुणीही ओळखेल, ते त्या पानांवर किती साधेपणाने येतात! ट्रिम्पीच्या रेषेत एक रांगडा जोर आहे, आणि जॅक एबलच्या शाईने तो आणखी भक्कम होतो. पडद्यावर त्याच पानांचे फोटो मी शंभरदा पाहिले होते. ठिपक्या-ठिपक्यांचा रंग कागदात मुरलेला प्रत्यक्ष बघणं वेगळं आहे. शेवटच्या पानानंतर, मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला, मला एक फिकट तपकिरी डाग दिसला, बोराएवढा. स्लॅबमधून तो दिसणं शक्य नव्हतं. मी तो वहीत टिपला.

जिथे थांबायला हवं होतं तिथे मी थांबले नाही. हल्क नीट निघाला, हात सुटले होते, दुपार व्हायची होती. मी एक्स-मेनचा स्लॅब घेतला.

डबी सहज उघडली. आतलं पाकीट कापलं. पण हल्कपेक्षा हा अंक दुप्पट जाड, पाकिटात घट्ट बसलेला. तिरपं करूनही तो सरकेना. मी पाकीट थोडं दाबून त्याचं तोंड फुगवलं आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा खाली सरकवायला गेले. कण्याचं खालचं टोक पाकिटाच्या कापलेल्या कडेला अडकलं. मी ओढलं असं मला आठवत नाही, पण ओढलं असणारच, कारण एक बारीक, कोरडा आवाज आला. शिवण उसवताना येतो तसा. पाकिटातून अंक बाहेर आला तेव्हा कण्याच्या तळाशी अर्ध्या सेंटिमीटरची चीर होती. ती सकाळी नव्हती.

मुलगी काहीच बोलली नाही. मीही नाही. तो अंक १९७५ पासून ४८ वर्षं कुणाकुणाच्या हातांतून शाबूत आला होता. मी त्याला प्लास्टिकच्या नव्या पिशवीत, मागे पुठ्ठा घालून ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा त्या टेबलाजवळ गेले नाही. तिसरी डबी, स्पायडर-मॅनची, आजही तशीच बंद आहे.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना मी एवढंच कळकळीने सांगेन की जाड, चौकोनी कण्याचा अंक घरी फोडू नका. ज्याने शेकडो फोडले आहेत त्याला पैसे देऊन करून घ्या. आणि एका दिवशी एकच अंक.

सोमवारी पुन्हा पेनसिल्व्हेनिया. त्याने चीर बघितली, मला काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, “चिकटवायचं नाही. चिकटवलं की तो दुरुस्त केलेला अंक झाला. आहे तशी राहू द्या.” मी दोन्ही अंक प्रेसिंगसाठी त्याच्याकडे ठेवले. हल्कवर आधी कोरडी सफाई झाली, मऊ रबराच्या स्पंजने, कव्हरच्या पांढऱ्या भागांवरचा हाताचा मळ निघेपर्यंत. मग ओलाव्याच्या बंद पेटीत, मग सिलिकॉनच्या कागदांमध्ये घालून गरम प्रेसखाली, मग थंड वजनाखाली. ते मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, त्याने फोटो पाठवले. दोन आठवड्यांनी अंक घ्यायला गेले तेव्हा त्याने पुन्हा खोलीतला दिवा घालवला आणि टॉर्च माझ्याच हातात दिली. मी ती कव्हरला समांतर धरली. कोपऱ्यापासून चढणारा बाक गेला होता. अंगठ्याचा खळगा कुठे होता ते मला फोटो काढून शोधावं लागलं. तळाजवळच्या कागदावर उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता गेला. आकडा काहीही येवो, मला हे बघायचं होतं, आणि ते मी बघितलं.

पाठवण्याची तयारी हे स्वतंत्र काम आहे. प्रत्येक अंक आपापल्या पिशवीत, मागे पुठ्ठा. दोन्ही बाजूंनी अंकापेक्षा मोठे जाड पुठ्ठे, कडांना टेप, पण टेपचं टोक मोकळं दुमडून, म्हणजे उघडणाऱ्याला सुरी लावावी लागत नाही. मग खोका, त्याच्याभोवती कागदाचे बोळे, मग दुसरा खोका. अर्जावर प्रत्येक अंकाची घोषित किंमत लिहायची असते आणि महागड्या अंकांची फी त्यांच्या बाजारभावाच्या प्रमाणात बसते, त्यामुळे किंमत कमी लिहायचा मोह होतो. लिहू नये. वाटेत काही झालं तर तोच आकडा विम्याचा.

मी अमेरिकन पोस्टाची रजिस्टर्ड मेल निवडली. ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो आणि खोका ज्या ज्या हातातून जातो त्या प्रत्येकाची सही होते. एक अट आहे: बाहेरच्या खोक्याला चकचकीत प्लास्टिकची टेप चालत नाही, पाणी लावून चिकटवायची तपकिरी कागदी टेप लागते, कारण प्रत्येक जोडावर पोस्टाचा शिक्का उमटला पाहिजे. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी परत आले, टेप आणली, घरी सगळा खोका पुन्हा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी एकेका जोडावर शिक्के मारले, बारा-पंधरा तरी. त्या ठकठकीने मला फार बरं वाटलं.

मग वाट बघणं. यात सांगण्यासारखं काही नाही. अंक पोचला, नोंद झाली, रांगेत लागला. तिथे पानं मोजली जातात, दुरुस्ती केलेली आहे का ते तपासतात, एकाहून जास्त परीक्षक आपापला दर्जा लिहितात आणि मग अंतिम आकडा ठरतो. अंक कुणाचा हे त्यांच्यापुढे नसतं. मी दिवसातून दोनदा संकेतस्थळ उघडायचे. नवरा म्हणाला, “अगं, दहावीच्या निकालाला तरी एवढी बसली होतीस का?” बसले होते, पण तेव्हा फोन नव्हता.

मे महिन्यात एका बुधवारी दुपारी ऑफिसात असताना आकडे आले. हल्क ६.५. एक्स-मेन ७.५.

मी आधी हल्कचा आकडा वाचला आणि मला वाईट वाटलं, हे खरं सांगते. म्हाताऱ्याने ‘कदाचित सात’ म्हटलं होतं, आणि त्यातलं ‘कदाचित’ मी कधीच गाळून टाकलं होतं. पानांचा रंग आधीसारखाच, मळकट पांढरा ते पांढरा. एक्स-मेनच्या पानांचा रंग आधीच्या लेबलवर ‘पांढरा’ होता, तो आता एक पायरी उतरला होता. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. रंग माणूस डोळ्यांनी ठरवतो, आणि ‘पांढरा’ व ‘जवळपास पांढरा’ यांच्यामधली रेघ कागदावर आखलेली नसते.

संध्याकाळी परीक्षकांच्या नोंदी वाचल्या. हल्कखाली होतं: मागच्या कव्हरच्या आत डाग, कण्यावर रंग फुटलेल्या बारीक रेघा, वरच्या डाव्या कोपऱ्याला झीज. मी माझी वही काढली. डाग माझ्या वहीत होता. कोपरा होता. कण्यावरच्या रेघा मी चार मोजल्या होत्या. बाक, खळगा, लाट यांतलं काहीच त्यांच्या नोंदीत नव्हतं, कारण ते आता अंकावर नव्हतंच. माझी वही आणि त्यांची नोंद ओळीला ओळ जुळली. तेव्हा मला कळलं की हा अंक साडेसहाच आहे. सात मी स्वतःच्या इच्छेने धरला होता. एक्स-मेनखाली पहिलीच ओळ: कण्याच्या तळाशी चीर.

ठाण्याच्या मित्राचा दुसऱ्या दिवशी फोन. आता तो उलट्या बाजूला गेला होता. “साडेसहा दिलाय म्हणजे अर्धी पायरी राहिलीय. परत फोड, परत पाठव. लोक तीन-तीनदा पाठवतात, एकदा लागतंच.” लागतं, हे खरं आहे. दोन दर्जांच्या सीमेवरचा अंक असेल तर एखाद्या वेळी वरच्या बाजूला पडतो. तसे करणारे लोक मला माहीत आहेत. पण हल्कमध्ये आता सुधारण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. डाग तसाच राहणार, फुटलेली शाई जुळणार नाही. पुन्हा पाठवणं म्हणजे अंक न बदलता फक्त बघणारा बदलायचा. शिवाय प्रत्येक वेळी ते आतलं पाकीट, ती कात्री, तो कोरडा आवाज. मी त्याला नाही म्हणाले.

पैशांचा हिशेब विचारतात म्हणून: हल्कच्या अर्ध्या पायरीने जे मिळालं त्यातून दोन्ही अंकांचं प्रेसिंग, फी आणि पोस्ट निघालं. एक्स-मेनने जे गमावलं ते माझ्या खिशातून गेलं. शिवाय २०२१ मध्ये भाव जिथे चढले होते तिथून २०२३ पर्यंत ते बरेच खाली आले होते. केवळ नफ्यासाठी कुणी हे करणार असेल तर आधी टॉर्च घ्यावी, मग कॅल्क्युलेटर.

आता त्या ओझ्याबद्दल. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन जुनी लेबलं होती, ६.० आणि ८.०. डब्या फुटल्या, अंक नव्या क्रमांकांनी नव्या डब्यांत गेले, पण सेन्ससमध्ये जुन्या नोंदी तशाच होत्या. कागदोपत्री माझे दोन अंक चार झाले होते. हे जगभर होत असतं. कुणी लेबल फेकून देतं, कुणी आठवण म्हणून ठेवतं, आणि महत्त्वाच्या अंकांच्या प्रती आहेत त्यापेक्षा जास्त दिसू लागतात. लेबलं परत पाठवली तर कंपनी ती नोंद काढते. ६.० चं लेबल हातातून सुटत नव्हतं. २०१२ चा तो बोनस, ती गर्दी, कॉमिक कॉन भरतं त्या जेविट्स सेंटरमधून छातीशी धरून आणलेली पिशवी, सगळं त्या चिटोऱ्यावर होतं. शेवटी त्याचा फोटो मोठा करून छापून घेतला आणि दोन्ही लेबलं एका पाकिटात घालून सॅरासोटाला पाठवली.

पण एक्स-मेनचं काय? नव्या लेबलवर ७.५ आहे. तो एकदा ८.० होता, प्रेस झाला आहे, आणि ती चीर १९७५ ची नसून २०२३ ची आहे, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नाही. लिहायची पद्धतच नाही. मी तो विकायला काढला तेव्हा एका कागदावर सगळं टंकून घेतलं: जुना क्रमांक, जुना दर्जा, स्लॅब फोडल्याची तारीख, प्रेसिंग, चीर कशी पडली, आणि फोडण्याआधीचे दोन फोटो. नवरा म्हणाला, “तुला कुणी विचारलंय का हे?” विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरात रविवारी आमच्या इथल्या हॉटेलच्या हॉलमध्ये कॉमिक्सची जत्रा भरते, तिथे अर्धं टेबल घेतलं. दुपारी पंचविशीतला एक मुलगा आला, स्लॅब उचलला, खिशातून टॉर्च काढली. तिरपी धरली. मला त्याचं कौतुक वाटलं. बराच वेळ बघून म्हणाला, “पुढचं कव्हर याहून चांगल्या दर्जाचं वाटतंय. मग ही खालची चीर?”

“माझ्या हातून पडली,” मी म्हणाले आणि कागद पुढे केला.

त्याने तो उभ्याउभ्या वाचला. जुन्या स्लॅबचा फोटो नव्या स्लॅबच्या शेजारी धरला, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. किमतीत थोडं कमी होईल का विचारलं. मी थोडं केलं. पैसे मोजून झाल्यावर मी स्लॅब पिशवीत घालत होते, तेव्हा तो म्हणाला, “तो कागदही द्या ना.” मी दिला. त्याने तो स्लॅबच्या मागे, दुमडणार नाही असा सरळ बसवला आणि मग पिशवी बंद केली.